हे माप तुमचं नाही

४ मार्च

अहो,

फोन उचलायचा नाही असं ठरवलंच आहे तुम्ही, तर कागदाशिवाय इलाज नाही. तुमच्या श्वासाच्या मशीनचे फिल्टर आले. पत्ता आपल्या घराचा दिलेला, त्यामुळे खोकं दर महिन्याला इथेच येतं. तेच पुढे पाठवतेय आणि ही चिठ्ठी फिल्टरच्या वर ठेवतेय, म्हणजे ती बाजूला केल्याशिवाय फिल्टर हाताला लागणार नाहीत. वाचली नाहीत तर मला कळणार नाही. पण मास्क लावला की नाही, ते मला बरोबर कळतं.

कसं, ते विसरलात वाटतं. मशीन घेतलं त्या दिवशी दुकानात "मला ते ॲप-बिप जमत नाही, तुझ्या फोनवर घे" असं कोण म्हणालं होतं? तुम्हीच. तेव्हापासून तुम्ही मास्क किती वाजता लावला, किती वाजता काढला, कडेने हवा किती गळली, तासाला श्वास किती वेळा अडकला, सगळं सकाळी माझ्या फोनवर हजर. तुम्ही बहिणीकडे जाऊन बसलात, मशीन काखोटीला मारून नेलंत, पण चुगल्या करायला ते अजून माझ्याकडेच येतं.

तर आजची चुगली ऐका. इथे, माझ्या शेजारी, मास्क लावूनसुद्धा तासाला आठ-नऊ वेळा तुमचा श्वास अडकायचा. सहावर आला की मी खूश. आणि तिथे? एक. काल तर शून्य! झोप नऊ-नऊ तास. रात्री नऊच्या ठोक्याला मास्क लावून आडवे. इथे बारा वाजेपर्यंत टीव्हीसमोरून हलायचा नाहीत, मी दोनदा हाक मारली की "आलो गं, आलो" म्हणून पुन्हा तिथेच.

मला आनंद व्हायला हवा. नाही होत. अंगाचा तिळपापड होतो. एवढी वर्षं माझ्या शेजारी श्वास अडकतो आणि ताईंच्या छपराखाली गेल्यावर शून्य? असं काय आहे त्या घरात? हवा वेगळी आहे का? का मी नाहीये, एवढाच काय तो फरक?

वन्संनी तुम्हाला लहानाचं मोठं केलं, हे मला पाठ आहे. आई गेली तेव्हा त्या स्वतः शाळेत होत्या, तरी तुमचा डबा करून द्यायच्या, तेही पाठ आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ऐकतेय. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून पंधरा दिवस जाऊन येतो, तिथूनच कामावर जाईन म्हणालात, मी हसत बॅग भरून दिली. पंधराचे चाळीस झाले तेव्हा विचारलं, "बहीण की बायको, एकदाच काय ते ठरवा." तुम्ही फोन ठेवलात. मी रागात बोलले, पण मनात नसलेलं काही बोलले नाही.

महिनाअखेरीला तुमच्या सेफ्टी ऑफिसला मशीनचा रिपोर्ट द्यायचा आहे. दर तीन महिन्यांनी मीच पाठवते, याही वेळी पाठवीन. क्रेनच्या केबिनमध्ये डुलकी लागून तो लोखंडी बीम माणसांच्या डोक्यावर लोंबकळत राहिला होता, ते मी विसरले नाही. त्यांनी तेव्हाच सांगितलंय, रिपोर्ट चांगला तर वर क्रेनवर, नाही तर खाली. या खेपेला तुमचा रिपोर्ट इतका गोजिरवाणा आहे की फ्रेम करून लावतील.

इकडे सगळं ठीक. विचारलं नाहीत तरी सांगते.

— जिच्या शेजारी तुम्हाला झोप येत नाही ती


१२ मार्च

अहो,

मास्कची नवी उशी पाठवतेय, नाकावर टेकते ती. जुनी कडेने चिरली असणार, तुम्ही ती ओढून काढता. पण मला एक कळत नाही. ॲप म्हणतं, हवा अजिबात गळत नाही. इथे असताना रोज गळायची. तुमच्या दाढीचे खुंट, त्यात तुम्ही कुशीवर वळणार, मग मास्क सरकणार, मग फुस्स फुस्स. मी उठून पट्टा नीट करायची आणि तुम्ही झोपेतच माझा हात झटकायचात.

आता कोण बांधतं पट्टा? वन्सं? इतका बेतशीर? मी आयुष्यभर लोकांचे कपडे अल्टर करतेय, कंबर दोन बोटं आत, बाही अर्धा इंच वर. माझ्या हाताला तुमच्या डोक्याचा पट्टा जमला नाही आणि दुसऱ्या कुणाला तरी पहिल्या फटक्यात जमला. हे मला किती लागलंय, ते तुम्हाला कळायचं नाही.

आणि ही दुपारची भानगड काय आहे? गेला आठवडाभर दुपारीही मास्क लावलेला दिसतोय. दोन ते चार. त्या वेळी तुम्ही क्रेनवर असता ना? फोरमनला मी सहज फोन केला, चोरासारखी, आडून आडून. तो म्हणाला, "दादा रोज वेळेवर आहेत, वहिनी. जरा थकलेले दिसतात, पण एक दिवस सुट्टी नाही." मग दुपारी दोनला मास्क कोण लावतं? का मशीन आता खोटंही बोलायला लागलं?

वन्संच्या गुडघ्याला व्यायाम द्यायला एक बाई येते असं तुम्ही म्हणाला होतात. उंच, केस कापलेली, 'फार हसरी आहे' असंही म्हणाला होतात. मी विसरले नाही. माझ्याबद्दल तुम्ही कुणाला 'फार हसरी' म्हणाल्याचं मला आठवत नाही. ती दुपारीच येते का? आणि थकली की तिथेच पडते का?

असो. सेफ्टी ऑफिसला या वेळी मशीनमधल्या कार्डावरचा पूर्ण रिपोर्ट हवाय, ॲपवरचा चालणार नाही म्हणतात. मशीनच्या डाव्या अंगाला छोटं झाकण आहे, नखाने उघडतं. आतलं कार्ड काढून लगेच पाठवा. न पाठवून चालायचं नाही, नोकरीचा प्रश्न आहे.

— मी


१९ मार्च

कार्ड मिळालं. बरोबर एवढासा कपटा: "रिपोर्ट लवकर पाठव. इकडे ठीक." दोन महिन्यांनी तुमचं अक्षर बघितलं, तेही एका ओळीपुरतं. तरी तीनदा वाचलं. मूर्ख मी.

सेफ्टी ऑफिसने कार्ड मागितलं नव्हतं. मी मागितलं होतं.

मशीनच्या दुकानातल्या त्या चश्मिष मुलीकडे घेऊन गेले. तिने कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि म्हणाली, "काकू, ॲपवर फक्त निकाल दिसतो. इथे अख्खी उत्तरपत्रिका असते." खरंच होती. एकेक श्वास पडद्यावर, वर गेला, खाली आला, वर गेला, खाली आला. किती वाजता घोरलात, किती वाजता अडकलात, मशीनने दाब कधी वाढवला. मी तिला म्हटलं, आधी जानेवारी दाखव, तेव्हा हे घरी होते.

जानेवारीतले तुमचे श्वास बघून मला हसू आलं. लांबलचक, ऐसपैस, मधेच सपाट रेघ, मग धापकन मोठा. अगदी तुम्ही. गर्दीतूनही ओळखले असते.

मग मार्च. लहान लहान श्वास, भराभरा, एकसारखे. एका श्वासात हवा किती जाते, त्याचाही आकडा असतो. जानेवारीच्या निम्मा. मी तिला विचारलं, माणसाचा श्वास दोन महिन्यांत निम्मा होतो का? ती म्हणाली, "मास्क बदलला, सेटिंग बदललं तर आकडा थोडा हलतो. पण इतका... आणि काका घोरतसुद्धा नाहीयेत, काकू. एकदाही नाही."

चव्वेचाळीस छाती आहे तुमची. पट्टी धरून मी मोजलीय, दर वेळी पोट आत घेता तरीही. एवढ्या छातीत एवढासा श्वास? अहो, मुंजीतल्या पोराला बापाचा कोट घातल्यासारखं ते दिसतं. मी त्या मुलीला सरळ म्हटलं, हे माप ह्यांचं नाही. ही बाई आहे.

"काकू, बाई आहे की पुरुष ते यावरून नाही सांगता येत."

"तुला नाही येत. मला येतं."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती. ती माझ्याकडे बघायला लागली. बघेनात का.

आता मला सांगा, कोण आहे ती? तुमच्या उशीवर, तुमच्या मास्कमध्ये, रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत आणि वर दुपारीसुद्धा? वन्सं आहेत, असं मला सांगू नका. वन्संना मी पुरतं ओळखते, त्यांच्या कपड्याला मला नेहमी जास्तीचं कापड लागतं, एवढासा श्वास त्यांचा नव्हे. आणि वन्संच्या डोळ्यांदेखत हे चालतं? का त्यांनीच जमवून दिलं? भावाला बायको नीट सांभाळत नाही म्हणून?

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तुम्हाला वाटलं असेल, हिला काय कळणार, आकडे चांगले दिसले की गप्प बसेल. एकेक श्वास बघितलाय मी तिचा. शांत झोपते हो, फार शांत झोपते! माझ्या वाट्याला तुमचं घोरणं आणि तिच्या वाट्याला माझ्या पैशाचं मशीन.

उत्तर पाठवू नका. मी येतेय.


२४ मार्च

अहो,

हे तुमच्या ताईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितेय. बाहेर ऊन आहे. तुम्ही क्रेनवर आहात. संध्याकाळी याल तेव्हा घरात कुणी नसेल, म्हणून लिहून ठेवतेय.

दार उघडंच होतं. बसमध्ये मी सगळी भाषणं पाठ केली होती, पहिलं त्या हसऱ्या बाईसाठी, दुसरं तुमच्यासाठी, आणि सगळ्यात कडक वन्संसाठी. आत गेले तर मशीनचा तो ओळखीचा आवाज. खोलीत पलंगावर मास्क लावून कुणीतरी झोपलेलं. मी जवळ गेले, चादर बाजूला केली. 

वन्सं. पण केवढ्याशा झाल्यात त्या! त्यांच्या अंगावरचा गाउन मीच शिवलेला, गेल्या वर्षी तो घट्ट होतो म्हणून उसवून दिला होता. आता त्यात आणखी एक बाई मावेल. पाय मात्र सुजलेले. मी माप काढायची बाई, आणि माझ्या हिशेबात हे बसलंच नाही, कारण मी डोक्यात हसरी बाई घेऊन आले होते.

त्या जाग्या झाल्या, मास्क खाली ओढला, मला बघून आधी घाबरल्या. मग म्हणाल्या, "तू आलीस होय. बरं झालं. त्याला सांगून थकले, हिला बोलव, हिला बोलव. तो म्हणतो, ती यायची नाही."

मी म्हटलं, "वन्सं, हे मशीन तुम्ही का लावता?"

"ऑपरेशननंतर आडवं झालं की गुदमरायला होतं बघ. एकदा फारच झालं तेव्हा त्याने स्वतःचं काढून माझ्या तोंडाला लावलं. झोप लागली गं. तेव्हापासून रात्री तोच लावून देतो, दुपारी माझी मीच लावते. लहानपणी मी त्याच्या बुटाची नाडी बांधायची ना, तसा पट्टा बांधतो, दोनदा तपासून."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"तो म्हणाला, मशीनने बरं वाटतंय तर डॉक्टर कशाला. डॉक्टरांनी पुन्हा दवाखान्यात ठेवलं असतं. मला नको होतं ते, मीच हट्ट केला."

"आणि ह्यांना नको का मशीन?"

वन्सं उठून बसल्या. म्हणाल्या, "अगं, त्याचं दुखणं गेलं ना. तूच नाही का लिहिलंस?" आणि उशीखालून त्यांनी माझं पत्र काढलं. चार तारखेचं. फिल्टरबरोबरचं. "हे बघ, 'काल तर शून्य.' त्याने वाचून दाखवलं मला. म्हणाला, ताई, आता तरी मशीन परत घे म्हणू नकोस, बायको लिहितेय, मी बरा झालोय. तो काहीही सांगेल, मी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. पण तू माझ्या बाजूने कधी काही लिहिणार नाहीस, म्हणून ते खरं वाटलं."

काय करू मी तुमचं? सांगा ना, काय करू? वन्संच्याच श्वासांचे आकडे तुमचे समजून मी जळफळून लिहिलं, आणि तुम्ही तेच पत्र दाखवून बहिणीला गप्प केलंत. तुमच्या डोक्यातून एवढी शक्कल निघू शकते, हेच मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

बाहेरच्या खोलीतली ती खुर्ची मी बघितली. खिडकीजवळची, मागे उशी, पुढे स्टूल. वन्सं म्हणाल्या, तुम्ही तिथेच झोपता, त्यांच्यावर लक्ष राहावं म्हणून, असं त्यांना सांगितलंत. लक्ष राहावं म्हणून नाही. आडवं झाल्यावर घोरण्याचा आवाज आला तर त्या मास्क काढून तुम्हाला देतील म्हणून. इतके दिवस खुर्चीत बसून झोप काढताय आणि सकाळी उठून त्या केबिनमध्ये चढताय. खाली माणसं असतात हो. त्यांनाही बायका असतात.

मला तुमचं कौतुक वाटतंय असं समजू नका. मला राग आलाय. आणि अजूनही पोटात दुखतंय, आता तर जास्तच. त्या हसऱ्या बाईचं काही असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. बहिणीसाठी तुम्ही स्वतःचा श्वास काढून दिलात. मी मागितला असता तर दिला असतात का, हा प्रश्न मघापासून माझी पाठ सोडत नाहीये. आणि तो विचारायची ही वेळ नाही, हेही कळतंय.

दोन गोष्टी केल्यात, सांगून ठेवते.

पहिली. वन्संना मी आपल्या गावी घेऊन जातेय, मोठ्या दवाखान्यात दाखवायला. त्या नको म्हणाल्या. मी म्हटलं, तुमच्या भावाला विचारायचं का? तेव्हा उठल्या. मशीनही नेतेय, वाटेत लागलं तर.

दुसरी. मी सेफ्टी ऑफिसला फोन केलाय. सांगितलं की फेब्रुवारीपासूनचा रिपोर्ट तुमचा नाही, तुम्ही मशीनशिवाय झोपताय आणि तुम्हाला वर चढू देऊ नका. रिपोर्ट गुपचूप पुढे ढकलला असता तर तुम्ही माझ्यावर खूश झाला असतात, कदाचित घरीही आला असतात. फोन हातात धरून बराच वेळ बसले होते. मग लावला.

आता रागवायचं तेवढं रागवा. पण माणूस रागवायला जिवंत लागतो.

— मी


२७ मार्च

अहो,

हे पत्र घेऊन तुमचा फोरमन दारात उभा आहे, त्याला बाहेर ताटकळत ठेवू नका. गाडी त्याची आहे. वाचून झालं की बॅग उचला आणि बसा.

वन्संना दवाखान्यात दाखल केलंय. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, त्यामुळे छातीत पाणी साठत होतं. मशीनने बरं वाटत होतं म्हणून खरं दुखणं झाकलं गेलं. त्यांना मशीन नको, औषधं हवी होती. ती सुरू झाली. काल त्या दोन उशांवर टेकून, तोंडाला काहीही न लावता झोपल्या. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. कुणी आणलं, ते मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय. जाग्या असल्या की तुमच्या लहानपणच्या गोष्टी सांगतात आणि मी सफरचंद कापता कापता जळत असते. ऐकते मात्र सगळं.

आता कालच्या फोनबद्दल. इतक्या दिवसांनी तुमचा फोन आला, तोही ओरडायला. ओरडा, मी तयारीत होते. "माझी नोकरी घालवलीस. साहेबांसमोर मान खाली घालायला लावलीस. चार लोकांत मला क्रेनवरून उतरवलं. तू ताईचा हेवा केलास जन्मभर, आता माझाही सूड घेतलास. मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही, समजलं? मी..."

आणि तुम्ही गप्प झालात.

मला वाटलं, फोन ठेवलात. मग वाटलं, रडताय की काय. मी म्हटलं, अहो? अहो, बोला ना. मग ऐकू आलं. तुम्ही घोरत होतात. भर दुपारी, यार्डातल्या बाकावर बसून, मागे ट्रकचे भोंगे वाजत असताना. माझ्यावर इतके चिडलेले असताना, वाक्य अर्धं सोडून झोपलात. मग घोरणं थांबलं. काहीच नाही. मी फोन कानात दाबून उभी. काहीच नाही. मग धापकन तो मोठा श्वास, माझ्या ओळखीचा. पुन्हा घोरणं, पुन्हा थांबणं. फोन ठेवायचं मला धैर्य झालं नाही. दुसऱ्या फोनवरून फोरमनला सांगितलं, जा आणि त्यांना हलवून उठव.

तो म्हणतो, उठल्यावर तुम्ही त्याला विचारलंत, मी हिला काय काय बोललो? तर तुम्ही 'मी' पर्यंत आला होतात. पुढचं तुमच्याकडे बाकी आहे.

ते मला ऐकायचंय, सगळं. मलाही खूप बोलायचंय, त्यात तुमची बहीण आहे, ती हसरी बाई आहे, माझं पत्र पुरावा करून वन्संना फसवणं आहे. मी काहीही सोडून देणार नाही. पण झोपलेल्या माणसाशी भांडण कसं करायचं? पलंग घातलाय. या, झोपा. उठलात की भांडू.